मारिसेलचे नऊ सेकंद

मारिसेल प्रश्न विचारते आणि थांबते. समोर कुणी असलं तरी, नसलं तरी. इथं आखातात, अल सद्दमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती मला पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचा फोन पर्समध्ये होता, कानात काही नव्हतं, आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ती तिच्या भाषेत काहीतरी विचारत होती. मग गप्प झाली. चौथा मजला आला तशी तिनं उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली आणि उतरली. मी घड्याळ पाहिलं होतं. नऊ सेकंद.

सेकंद मोजायची माझी ही सवय जुनी. पुण्यात मी रेडिओच्या बातम्यांवर होतो. तिथं आवाजाविना तीन सेकंद रिकामे गेले की वरून फोन यायचा, नऊ गेले की लेखी खुलासा द्यावा लागायचा.

मारिसेल फिलिपिन्सची. वय तिशीच्या आतबाहेर. दिवसा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते आणि पेशंटची नावं सुरात पुकारते. दाढ ठणकत असलेली माणसंही दुसऱ्यांदा पुकारलं जायची वाट बघत बसतात. मला ती ‘कुया’ म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. गाण्याचा रियाज करते तळघरातल्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत, सीटबेल्ट लावून. एकदा वॉचमनला वाटलं बाई आत अडकली. त्यानं काच ठोठावली. तिनं कडवं पुरं केलं आणि मग काच खाली घेतली.

“बेल्ट कशाला?” मी नंतर विचारलं.

“वरच्या सुराला मी सीटवरून उठते, कुया. डोकं आपटतं.”

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिच्या लोकांच्या कार्यक्रमांत ती गायची. दोन गाणी फोनवरून पसरली आणि मनिलाच्या एका कंपनीनं कळवलं, नऊ गाणी द्या, अल्बम काढू. तिचा पहिला अल्बम. गाण्यांचा इंग्रजी अनुवाद तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि रेकॉर्डिंगसाठी मी तिला दाऊदभाईंकडे नेलं.

दाऊदभाई रत्नागिरीचे. आठवडाभर एसी दुरुस्त करतात. अल अझीझियात एका व्हिलाच्या मागच्या खोलीला आतून गालिचे ठोकून त्यांनी स्टुडिओ केला आहे. तिथं शुक्रवारी कव्वाल्या आणि शाळांच्या गॅदरिंगची गाणी रेकॉर्ड होतात.

मारिसेलच्या प्रत्येक गाण्यात एक प्रश्न होता. जेवलीस का. पाऊस आहे का तिकडे. प्रश्नानंतर वाद्यं थांबत आणि नऊ सेकंद काही नसे. म्हणजे स्पीकरवर तसं वाटे. तिथं तिनं पर्समधल्या जुन्या कॅसेटचा तुकडा जोडायला लावला होता. हेडफोन लावला की त्यात बारीक घरघर ऐकू येई आणि घरघरीच्या आत कुणाचातरी श्वास.

मी पाच श्वास मोजले. दाऊदभाईंनी सहा.

“चार आहेत,” मारिसेल म्हणाली. “तुमचे धरलेत काय?”

दाऊदभाई हसले नाहीत. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर पालथा ठेवला.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी तिला खूश करायला झालेल्या आठही गाण्यांतली घरघर पुसून ठेवली होती. असला एसीचा आवाज हा त्यांचा जन्माचा वैरी. मारिसेलनं पहिलं गाणं लावलं, प्रश्न आला, मग स्वच्छ शांतता. ती दाराकडे बघायला लागली.

“ती बाहेर गेली,” मारिसेल म्हणाली.

“कोण ती?” दाऊदभाईंनी मला मराठीत विचारलं. “साहेब, दार तर बंद हाय.”

मग तिनं सांगितलं. तिची आई इथंच, उत्तरेकडच्या मदिनत अश शमालला एका घरात कामाला होती. पत्र लिहायला फुरसत नसे, म्हणून कॅसेट भरून पाठवायची. एक प्रश्न विचारायची आणि लेकीला उत्तर देता यावं एवढी जागा सोडायची. गावी मारिसेल टेपरेकॉर्डरसमोर बसून त्या जागेत बोलायची.

“पण आईला ते कसं ऐकू जाणार?” मी म्हणालो.

“नाही जायचं. पण ती थांबायची ना.”

“आमच्या अब्बांची कॅसेट यायची दम्मामवरनं,” दाऊदभाई म्हणाले. “साठ मिनिटं चालू. श्वास घ्यायला थांबतील तर शपथ.”

शेवटची कॅसेट आईच्या शवपेटीनंतर बारा दिवसांनी पोचली. मारिसेल नऊ वर्षांची होती. तिनं ती लावली. आईनं विचारलं, दाराच्या कडीला हात पोचतो का आता? आणि थांबली. मारिसेलनं उत्तर दिलं नाही. ती घाबरली होती.

“आता मी तिला विचारते,” ती म्हणाली. “तिलाही बोलायला वेळ नको?”

घरघर परत जोडली. त्याच आठवड्यात मनिलाहून निरोप आला: सगळ्या रिकाम्या जागा काढा, नाहीतर अल्बम निघणार नाही. तिनं मला विचारलं. मी माझ्या अनुभवाप्रमाणे सांगितलं, काढ. लोकांना वाटेल फाइल बिघडली. ती थांबली. मी सेकंद मोजले नाहीत. मग तिनं कंपनीला लिहिलं: आठ काढते, शेवटच्या गाण्याच्या शेवटी एक राहू द्या, त्यानंतर तसंही काही नाही. त्यांनी हो म्हटलं.

शेवटचं गाणं रेकॉर्ड करायचं उरलं होतं. त्यात त्या शेवटच्या कॅसेटचा तुकडा जायचा होता. दाऊदभाईंनी तो डोळे मिटून तीनदा ऐकला. या वेळी ते श्वास मोजत नव्हते.

“खिडकीतला एसी,” ते म्हणाले. “बेअरिंग गेलेलं. खोली लहान हाय, आवाज लगेच परत येतो. आठ बाय सहा फूट. जास्त नाय.”

मी तिला इंग्रजीत सांगितलं. आईची खोली तिनं कधी पाहिली नव्हती. “तेका,” ती म्हणाली, म्हणजे थांबा जरा. तिनं चपला काढल्या, गालिच्यावर पावलांनी तेवढाच चौकोन मोजला, त्याच्या चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली आणि माइक आत ओढून घेतला. दुपारचे तीन वाजले होते. ती त्या चौकोनात उभी राहून गायली. आईचा प्रश्न तिनं जसाच्या तसा गायला. घरघर सुरू झाली. मी आणि दाऊदभाई चौकोनाबाहेर होतो आणि दोघंही, का ते माहीत नाही, भिंतीला लागून उभे राहिलो.

मग तिनं हात वर केला, दाराची कडी असते तेवढा, आणि लहान मुलीच्या आवाजात एकच शब्द बोलली.

दाऊदभाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. “ठेवू?”

“नको,” मारिसेल म्हणाली. “ते अल्बमसाठी नव्हतं.”

त्यांनी तेवढा तुकडा निवडला. पुसायच्या आधी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “काय म्हणाली ती?”

“हो म्हणाली,” मी सांगितलं. “मोठ्यांना आदरानं म्हणतात तसं.”

त्यांनी मान हलवली आणि पुसलं.