इस्त्रीची सडपातळ वायर

विजेविषयीचे माझे ज्ञान, वाचकहो, सर्वस्वी स्वानुभवसिद्ध आहे! बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी दुप्पट जोराने उडते; तद्वतच वायर बारीक असली की वीज अधिक जोमाने धावणार, हे मी स्वयंप्रज्ञेने ताडले. सबब इस्त्रीची अजगरासारखी जाड वायर काढून मी तीस टेबलावरील दिव्याची सडपातळ वायर जोडली आणि ती कोणाच्या पायात येऊ नये म्हणून सोफ्याच्या गादीखालून नेली.

त्याच सकाळी मेहुण्याची नोकरीची मुलाखत होती. त्याची एकुलती एक पँट पत्नीच्या इस्त्रीखाली, तो स्वतः टॉवेलात आणि सासरे सोफ्यावर!

"वा, जावईबापू! गादी काय छान शेकतेय! कंबर मोकळी झाली बघा."

गादी का शेकते, हे मलाही उमगले नव्हते. तथापि आयते श्रेय नाकारणे माझ्या स्वभावात नाही. "आपल्यासाठीच योजना केली, बाबा!"

"अहो, कसला तरी वास येतोय," पत्नी म्हणाली.

"ताई, माझी पँट!" मेहुणा किंचाळला.

"धड आहे रे!" तिने इस्त्री उचलून दाखवली. "एकच पाय झालाय अजून."

मी खाली वाकलो. गादीखालून धुराची रेघ निघत होती!

"बाबा, उठा!"

"लेकीच्या घरी तरी बसू द्या हो सुखानं!"

"बाबा, खाली आग आहे!"

पत्नीने धावत जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले. मी आणि मेहुण्याने सासऱ्यांच्या काखांत हात घालून त्यांना उचलले. त्या धांदलीत टॉवेलाने मेहुण्याची साथ सोडली. वायर डांबरासारखी वितळून गादीस चिकटली होती आणि सासऱ्यांच्या विजारीस मागे बशीएवढा तांबूस डाग पडला होता.

"दिव्याची वायर इस्त्रीला?" पत्नी कडाडली. "मुंगीच्या पाठीवर गोणी लादलीत की हो!"

मेहुणा एकाच पायाला इस्त्री झालेल्या पँटीत रडवेला होऊन मुलाखतीला गेला. आम्ही सारे दाराकडे डोळे लावून बसलो.

संध्याकाळी तो उड्या मारीत आला. "लागली नोकरी! चुरगळलेला पाय झाकायला दुसरा पाय त्यावर टाकून बसलो. साहेब म्हणाले, बसण्यात रुबाब आहे!"

हेही श्रेय घ्यावे म्हणून मी घसा साफ केला. पण पत्नीने जाड वायर माझ्या हाती ठेवली. ती मी निमूटपणे जोडीत असता सासरे कानाशी येऊन कुजबुजले,

"जावईबापू, कंबर पुन्हा धरलीय. ती बारीक वायर आणखी आहे का हो?"