रॅनल्फच्या वयाचे साक्षीदार

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि दालनातली शांतता मोडली. पाळण्यातलं तान्हं चुळबुळलं. हवीसनं पायानंच पाळण्याला झोका दिला, पण नजर समोरच्या बाकावरून हलू दिली नाही. तिथं राजाचा अधिकारी बसला होता आणि त्याच्या होकारावर तिच्या नवऱ्याचं सगळं घरदार टांगलेलं होतं.

सासरे सर बाल्डविन गेले तेव्हा तिचा नवरा रॅनल्फ लहान होता. एकविसावं पुरं होईपर्यंत त्याची जमीन राजानं सर फुल्क नावाच्या पालकाच्या हाती दिली होती. हे पालक सध्या इतक्या मायेनं ओकची झाडं तोडून विकत होते, की आणखी एक हिवाळा गेला असता तर रान नुसतं नावाला उरलं असतं. रॅनल्फला एकविसावं सरलं, हे आज शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचं होतं. तो दिवस आपल्याला का आठवतो, हेही सांगायचं होतं. नुसतं आठवतं म्हणून भागत नसे. त्या दिवशी आपल्यावर काहीतरी गुदरलेलं असावं लागे.

"एकवीस वर्षांपूर्वीचा संत मार्टिनचा सण होता," शेजारचे जमीनदार सर हॅमो म्हणाले. "पोराच्या बाप्तिस्म्याहून परतताना मी घोड्यावरून पडलो. पाय मोडला."

"माझापण मोडला," पाणचक्कीवाला ऑस्बर्ट घाईनं म्हणाला.

"त्याच दिवशी?"

"त्याच खड्ड्यात, साहेब."

अधिकाऱ्यानं म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडं पाहिलं. "तुमचाही मोडला?"

"छे छे, बाळा, देवाच्या माणसानं खोटं बोलू नये," पाद्रीबाबा म्हणाले. "माझा मुरगळला."

"गावातलं कुणी धड पायांनी घरी गेलं होतं का त्या दिवशी?" अधिकारी कडाडला. "या पायांवर माझा काडीचा विश्वास नाही. खरंच घडलेलं काही असेल तर सांगा, नाहीतर मी निघतो."

रॅनल्फचा चेहरा दह्यासारखा झाला. हॅमो छताकडं बघू लागले. ऑस्बर्टला मात्र राहवेना. आपल्याला खोटारडं म्हटलेलं त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"खरं ऐकायचंय ना? मग ऐका! बाप्तिस्म्याला आम्ही बाल्डविनसाहेबांच्या लग्नातली उरलेली बिअर प्यायलो. आईशप्पथ! काय फेस होता तिला!"

घरची बिअर आठवडाभरही टिकत नाही, हे त्या दालनात हवीसच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं.

"आंबली नव्हती?" अधिकाऱ्यानं हळूच विचारलं.

"नाव नको! एकदम ताजी!"

"म्हणजे लग्न आणि बाप्तिस्मा एकाच आठवड्यात." अधिकारी पुढं झुकला. "आधी काय झालं, लग्न की पोराचा जन्म?"

हवीसचा पाय पाळण्यावरच थांबला. जन्म आधी झाला असेल, तर रॅनल्फ लग्नाआधीचा, म्हणजे अनौरस ठरणार. मग वय एकवीस असो की एकशे एक, त्याला एक फांदीही मिळणार नव्हती. हे सांगू शकणारं एकच माणूस खिडकीशी भरतकाम करत बसलं होतं: सासूबाई पेट्रोनिला. हवीसची थोरली इडोनी लग्नानंतर आठव्याच महिन्यात जन्मली होती, आणि त्यावरून "आमच्या वेळी लेकरं वेळेवर यायची हो" हे वाक्य त्यांनी गेली चार वर्षं जेवणात मिठासारखं वाढलं होतं.

हवीस त्यांच्याजवळ जाऊन कुजबुजली, "सासूबाई, सांगा ना. रान जाईल."

"जाऊ दे."

"चक्की जाईल."

"जाऊ दे मेली."

"हे छप्परही जाईल. मग माझ्या माहेरी राहायला लागेल आपल्याला. माझ्या आईजवळ."

सासूबाईंनी सुई कापडात खुपसली.

"लग्न आधी," त्या म्हणाल्या. "सोमवारी. चर्चच्या दारात. मला उभं राहवत नव्हतं, खुर्ची द्यावी लागली."

"आणि मूल?"

"शनिवारी." घसा खाकरून त्या म्हणाल्या, "बाल्डविनच्या घराण्यात सगळ्यांनाच जरा घाई."

अधिकारी आधी खोकला, मग पोट धरून हसला. "बाईसाहेब, साक्षीत कुणी खोटं बोललंच, तर स्वतःच्या फायद्याचं बोलतं. असलं कुणी रचून सांगत नाही. मानलं! उद्यापासून सर फुल्कची कुऱ्हाड बंद."

रॅनल्फनं ऑस्बर्टला मिठी मारली, आणि दोघंही चांगल्या पायांनी नाचू लागले. हवीसनं बिअरचा पेला भरून सासूबाईंपुढं ठेवला. "घ्या. कालचीच आहे."

चार वर्षांत पहिल्यांदाच सासूबाईंनी नजर चुकवली. हवीसला हसू आलं आणि मग का कोण जाणे, त्यांच्या खांद्यावरची शाल तिनं नीट केली.

एवढा वेळ जमिनीवर बसून बोटांवर दिवस मोजणारी इडोनी उठली आणि हवीसच्या झग्याला लोंबकळली.

"आई, बाबा सोमवारपासून शनिवारपर्यंत तयार झाले. मग आपल्या बाळाला अख्खा उन्हाळा कशाला लागला गं?"