रिकामी चौकट परत येते

मंचरच्या बाजारपेठेत पीयूष ओसवालचे फ्लेक्सचे दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, नियुक्ती आणि उद्घाटन या चारही प्रसंगांना तो एकच चौकट वापरतो. वर फोटो, मध्ये मजकूर, खाली 'समस्त ग्रामस्थ'. गिऱ्हाइकाला मजकूर सुचला नाही तरी अडत नाही, कारण चौकटीत आधीच काहीतरी बरे लिहून ठेवलेले असते. रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक फ्लेक्स परत आणते, हे त्याच्या वडिलांनी, पुखराजशेठनी, त्याला पहिल्याच दिवशी शिकवले होते.

तालुक्यातल्या एका कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षाला वेबसाइट हवी होती. पीयूषने तिचाही कोर्स केलेला असल्यामुळे काम त्याच्याकडे आले. कक्षप्रमुख वैजयंती मॅडमना त्याने समजावले, की दर तक्रारीला नवे पान करत बसायचे नाही. चौकट एकदाच बनवायची आणि तिच्यात चार खाने ठेवायचे: समस्या, निवारण, फोटो, अभिप्राय. तक्रार बदलली की खान्यातला मजकूर बदलतो, चौकट तीच राहते. याला कंपोनंट म्हणतात.

"आणि खाना कोणी भरलाच नाही तर?" मॅडमनी विचारले. या सगळ्या प्रकरणातला शहाणा प्रश्न हा एवढाच.

"रिकामा दिसणार नाही, मॅडम. आपण आत डिफॉल्ट मजकूर टाकून ठेवू."

निवारणाच्या खान्यात त्याने टाकले, 'सदर समस्येचे समाधानकारक निवारण करण्यात आले आहे.' फोटोच्या खान्यात फीत कापण्याचा एक जुना फोटो बसवला. वाचणाऱ्याने काही न लिहिता पान बंद केले तर अभिप्रायात आपोआप उमटेल असे ठेवले, 'आम्ही समाधानी आहोत. समस्त ग्रामस्थ.' पहिल्या महिन्यात दोनशे तक्रारी आल्या आणि आल्या त्या क्षणी दोनशेही मिटल्या. कक्षातल्या कोणाला खुर्चीवरून उठावे लागले नाही. कक्षाचे नाव जिल्ह्याच्या पुरस्कारासाठी गेले.

तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात करपेवाडी नावाची भात-नाचणीची वाडी आहे. तिच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, गेल्या पावसाळ्यात वाहून गेला होता. तिथल्या गोजरबाईंची सून रुपाली हिचे दिवस आषाढात भरणार होते, म्हणून मुलाने, सुभाषने, वैशाखातच मोबाइलवरून तक्रार भरली. बटण दाबायचा अवकाश, साकव झाला. गोजरबाई एसटीने कार्यालयात आल्या. मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"ही फीत कुठं बांधलीया, बाई? आमच्याकडं बांधायला दोन खांब बी राह्यलं न्हाईत."

मॅडम काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी चहा मागवला आणि सांगितले, की निवारण झालेल्या कामाला पुन्हा मंजुरी मागता येत नाही, तसे केल्यास आधीचा साकव गहाळ झाल्याची चौकशी लागते, आणि त्या चौकशीत साकवाचे शेवटचे साक्षीदार म्हणून करपेवाडीकरांनाच बोलवावे लागेल.

आषाढात एका सकाळी रुपालीला कळा सुरू झाल्या. एरवी रुग्णवाहिका घाटातून चौदा किलोमीटरचा वळसा घालून वाडीत यायची. त्या दिवशीचा चालक कामाला चोख होता, त्याने आधी वेबसाइट पाहिली. साकव झाल्याचे वाचून तो जवळच्या रस्त्याने आला आणि ओढ्याच्या पलीकडे उभा राहिला. मध्ये छातीभर पाणी. मुलगी अलीकडच्या काठावर, कातळावर घोंगडी अंथरून जन्मली. आई आणि मूल वाचले ते वाडीतल्या बायांमुळे. इथे मला काही केल्या विनोद सुचत नाही.

बाराव्या दिवशी गोजरबाई थेट पीयूषच्या दुकानात गेल्या. सगळे ऐकून त्याची मान खाली गेली.

"त्यो खाना रिकामा ठिव, बाबा. रिकामा दिसला तर कुनीतरी इचारंल तरी, का रिकामा हाय म्हनून."

पीयूषने त्यांच्यासमोरच डिफॉल्ट मजकूर काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरस्काराची समिती येणार होती आणि वेबसाइटवर सगळ्या चौकटी ओस पडलेल्या होत्या. दहा वाजता मॅडमचा फोन आला. रिकामी चौकट परत आली होती. पुखराजशेठनी गल्ल्यावरून नुसते मुलाकडे पाहिले. सव्वादहाला मजकूर पुन्हा जागेवर होता आणि दुपारी कक्षाला पुरस्कार मिळाला.

गोजरबाईंनी सुभाषला नवी तक्रार भरायला लावली, 'साकव झाल्याचे लिहिले आहे ते खोटे आहे.' तिचेही समाधानकारक निवारण झाले आहे. आजवर ती सहाशे बारा जणांनी उघडून वाचली, हळहळ वाटून घेतली आणि काही न लिहिता बंद केली. त्यामुळे तिच्याखाली सहाशे बारा अभिप्राय आहेत, सगळे समाधानी.

आता तुम्हीही ती इथपर्यंत वाचलीत, म्हणजे सहाशे तेरा. तुम्ही काही लिहायची तसदी घेऊ नका. तुमचा खाना भरलेला आहे.