हात लावू नये

"डोळे मिटून पास होईन!" गुरुजींनी बायकोला ठणकावून सांगितलं, आणि त्याच क्षणी बिस्किट चहात बुडालं.

ऑफिसात त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. बावीस वर्षं कोड लिहिलेला माणूस! निम्म्या ऑफिसला त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं. आणि आता साहेबांचं फर्मान निघालं होतं : यापुढे एआय सहायक कोडमध्ये बदल सुचवणार, तो घ्यायचा की नाकारायचा एवढंच माणसानं ठरवायचं. त्याची प्रमाणपत्र परीक्षा शुक्रवारी. नापास होईल त्याची रवानगी तक्रारींच्या फोनवर!

"थोडा अभ्यास तरी करा," बायको म्हणाली.

"कशाचा? अगं, ते यंत्र कालचं! आमचाच कोड वाचून वाचून शहाणं झालंय."

"मग तुमच्या चुकाही पाठ असतील त्याला."

गुरुजी चमच्यानं बिस्किट काढू लागले.

शुक्रवारी एकोणतीस प्रश्न झरझर सुटले. तिसावा, निम्म्या गुणांचा, उघडला आणि गुरुजींचं काळीज सुपाएवढं झालं. पडद्यावर त्यांचाच कोड! अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला, दर महिन्याला यादीतल्या प्रत्येक ग्राहकाला पत्र धाडणारा. वर त्यांचीच टीप : 'नीट चालतंय. हात लावू नये.' माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं तसे ते बघत राहिले.

खाली सहायकानं नम्रपणे लिहिलं होतं : 'हा फेरा एकदा जास्त फिरतो. यादीतल्या शेवटच्या ग्राहकाला दोन पत्रं जातात. दुरुस्त करू का?'

"दुरुस्त? माझं?"

शेजारी बसलेली चष्मेवाली खुर्चीतून उडालीच. "गुरुजी, हळू! परीक्षा आहे!"

गुरुजींनी बोटांवर फेरे मोजले. पुन्हा मोजले. बोटंही यंत्राला फितूर! यादीच्या टोकाला एक काकू होत्या. पहिली दोन वर्षं त्यांचे फोन यायचे, "दोन-दोन पत्रं येतात हो!" आणि गुरुजी गोड आवाजात सांगायचे, "पोस्टाचा घोळ आहे, काकू." पुढे फोन थांबले. गुरुजींना वाटलं, पोस्ट सुधारलं!

आता अकरा वर्षांचा घोळ एका बोटानं स्वतःच्या नावावर करायचा?

त्यांनी 'नाकारा' दाबलं.

चष्मेवालीनं 'स्वीकारा' दाबलं होतं. ती पास झाली आणि गुरुजींच्या खुर्चीवर बसली. "तुम्हीच शिकवलंत ना, गुरुजी, आधी फेरे मोजायचे," ती हळूच म्हणाली. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

महिन्याभरानं तक्रारींच्या टेबलावरचा फोन खणखणला.

"अहो, या वेळी एकच पत्र आलं! दुसरं कुठंय?"

गुरुजींनी आवाज ओळखला. "काकू, ती चूक होती. आता दुरुस्त झालीय."

"कसली चूक? एक मी वाचायचे, दुसऱ्याच्या पाठीवर सामानाची यादी लिहायचे. आधीचा माणूस किती चांगला! अकरा वर्षं न चुकता दोन पाठवली. त्यालाच काढलंत ना?"

गुरुजींनी फोन कानाला आणखी घट्ट लावला. बावीस वर्षांत त्यांच्या कोडचं कुणी पहिल्यांदाच कौतुक करत होतं.

"नाही हो," ते म्हणाले. "पोस्टाचा घोळ आहे, काकू."