मशीनवर घेतलेला आळ

आमचे शिवरामभाऊ रोज सकाळी मशीनची उलटतपासणी घेतात. "काय बाबा, आज खरं बोलशील न्हवं?" असं अगदी मोठ्याने विचारतात. नवे रुग्ण दचकतात.

आम्ही दोघे पुण्याच्या एका हॉस्पिटलात टेक्निशियन. मी भोरचा, भाऊ विंझरचे. रुग्णाला किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन देतात, ते हाडांत जिथे आजार असेल तिथे जास्त साठतं आणि तिथे आमच्या कॅमेऱ्याच्या चित्रात काळे डाग दिसतात. पण रुग्णाआधी भाऊ तसल्याच औषधाने भरलेली चपटी पेटी कॅमेऱ्यापुढे ठेवतात. पडद्यावर सगळीकडे सारखा करडा रंग उमटला पाहिजे. जरा कुठे कमीजास्त दिसलं की काम बंद. बाहेर कितीही मोठे साहेब ताटकळोत, भाऊ ढिम्म. "मशीनचा डाग माणसाच्या माथी नगं," हे त्यांचं पालुपद.

बाजारातही तीच तऱ्हा. वेल्ह्याचा वाणी भाऊंना लांबून बघूनच पारडं रिकामं करून काटा शून्यावर असल्याचं दाखवतो. मात्र धड चालणाऱ्या मशीनला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. आमचे डॉक्टर एकदा कॅमेऱ्याला खटारा म्हणाले, तर भाऊंनी त्यांच्याबरोबर चहा घेणंच सोडलं.

परवा भाऊंनी आपल्या आईंना तपासणीला आणलं. त्यांची पाठ बरेच दिवस दुखत होती. स्कॅन झाला आणि मणक्यांवर ठिकठिकाणी काळे डाग दिसले. भाऊंनी आईंना बाहेर बसवलं, पेटी आणली आणि कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. पडदा सगळीकडे सारखा. पुन्हा घेतली, तरी सारखाच. भाऊ पडद्याला नाक लावून मशीनची चूक शोधत होते. मला ते बघवेना.

"भाऊ, कॅमेरा ठीक आहे," मी म्हणालो.

"व्हय," म्हणाले, आणि तोंड पुसून बाहेर गेले. मीही मागोमाग गेलो.

"कसा आला रं फोटू?" आईंनी विचारलं.

"आये, आज मशीनच बिघडलंय. उद्या डाक्टर सांगतील."

"मग त्याला उगा राबवू नगंस. इसावा घेऊ दे जरा."

भाऊंनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी ठेवली, पण नेहमीचा प्रश्न काही विचारला नाही. कॅमेऱ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "माफ कर बाबा. काल तुझ्यावर आळ घेतला."