पाचशे जीबीची खाट

अगं, ऐक! नुसतं ऐक! मधे 'पण' म्हणायचं नाही, चहा गार झाला तर होऊ दे!

आपला प्रज्ञेश माहितीये ना, उधन्याचा? लूमच्या कारखान्यामागच्या गल्लीतला, खानावळवाल्या चंपाबाईंचा थोरला? तोच! साडीवरच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतो. तर अकरा दिवस बसून त्यानं एक पानवेल काढली होती. ब्याण्णव हजार टाक्यांची! कतारगामच्या एका कारखान्यातल्या गुजराती शेठना ती सोमवारी दुपारी बाराच्या आत नेऊन द्यायची, मशीनवर नीट उतरली तर पठ्ठ्या पक्का डिझायनर! एसी केबिन, फिरती खुर्ची! आणि शेठ असे, की बाराला एक मिनिट झालं तर दारावरूनच परत. "बार एटले बार!" बारा म्हणजे बारा!

आता असा सोमवार उजाडल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? अंघोळ करून निघावं! आणि यानं काय केलं? सकाळी साडेसातला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि जाहीर केलं, "विशाखा, आज तुझं काम करून टाकतो. एका लॅपटॉपात दोन संसार!"

विशाखा म्हणजे त्याची धाकटी बहीण. बीसीए करते. तिच्या कॉलेजला लिनक्स लागतं, याच्या डिझाइनला विंडोज लागतं आणि घरात लॅपटॉप एकच. महिनाभर ती मागे लागली होती. पण आज तीच म्हणाली, "दादा, आधी डिझाइन देऊन ये ना. संध्याकाळी कर."

"अगं, व्हिडिओतला पोरगा अकरा मिनिटांत करतो! मी अर्धा तास धरलाय, म्हणजे बघ!"

आणि एवढंच नाही हं, हुशारीही केली! पानवेल आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवली, न जाणो काही झालं तर. शाब्बास! मग लिनक्स चढवायला पेन ड्राइव्ह लागतो म्हटल्यावर घरातला एकुलता एक पेन ड्राइव्ह घेतला. तोच! तो आधी पूर्ण पुसला जातो, असं स्क्रीनवर लिहून आलं, यानं वाचलंही, आणि 'ओके' दाबलं! घर झाडायचं म्हणून सगळं सामान अंगणात नेऊन ठेवायचं आणि मग अंगणच झाडून काढायचं, तशातली गत!

पण तेव्हा त्याला काही वाटलं नाही. लॅपटॉपमध्ये आहेच की! पाचशे जीबीतले साठ लिनक्सला दिले, पुढे-पुढे दाबत गेला, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला. नवा कोरा जांभळा पडदा! काय देखणा!

"झालं!" प्रज्ञेश ओरडला. "आता माझं विंडोज..."

विंडोज नाही! पुन्हा चालू केला. जांभळा. पुन्हा. जांभळा! सुरू करताना दोन्हींची यादी येते म्हणे, ती यादी नाही, पानवेल नाही, ब्याण्णव हजारांतला एक टाका नाही! घड्याळात सव्वानऊ!

"आई गंऽऽऽ! माझं सगळं गेलं!"

असा ओरडला, की बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपलेला राघो ताडकन उठून बसला. राघो म्हणजे त्यांच्याकडचा भाडेकरू, धुळ्याकडचा, लूमवर रातपाळी करतो. डोळे चोळत म्हणाला, "काय जयं? कोन गयं?"

"विंडोज गेलं!"

"आरे रे रे!" राघोनं हात जोडले. "कव्हय?" कधी गेलं बिचारं, विचारतोय!

तोवर कोपऱ्यावरचा मोबाइल रिपेअरिंगवाला नितीन पेचकस घेऊन हजर. कसं कळलं कोण जाणे! नितीन म्हणजे त्या डॉक्टरसारखा, खोकला असो की पाय मोडलेला असो, सलाईन लावणारच. स्क्रीनकडे एकदा बघितलं, मान हलवली. "फॉरमॅट मारावं लागेल. सगळं साफ, एकदम फ्रेश!"

"पण माझी पानवेल?"

"भाई, गेलेल्याचा विचार नाही करायचा. पुढे बघायचं."

प्रज्ञेशचा चेहरा उतरला, बघवेना. पण करतो काय? सव्वादहा होत आले होते. "मार," म्हणाला. नितीनचं बोट खाली येणार, तेवढ्यात...

"ए! हात काढ आधी!"

चंपाबाई! एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताला पीठ. चौथी शिकलेली बाई, पण सकाळ-संध्याकाळ चाळीस डबे भरते, एक चुकत नाही!

"काऊन बोंबलून राह्यला रे मघापासून? मले नीट सांग."

सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जागा किती त्याच्यात?"

"आई, जागेचं काय मधेच?"

"किती हाय ते सांग!"

विशाखानं बघितलं. "सगळी मिळून पाचशे. नव्यानं साठ घेतलीय."

"मंग बाकीची मोकळी हाय का?"

विशाखा परत बघायला लागली. "नाही गं आई. अडवलेली दाखवतंय."

"मंग तिथं कोन बसलं हाय? भूत?"

चंपाबाईंनी उलथनं खाटेकडे केलं. "ही खाट पाहा. आता कोन झोपलं होतं हिच्यावर?"

"राघो," प्रज्ञेश म्हणाला.

"अन् किसन?"

आता किसन कोण, तर दुसरा भाडेकरू. तो दिवसपाळीला. सकाळी सातला किसन उठून लूमवर जातो, राघो लूमवरून येऊन त्याच खाटेवर पडतो. संध्याकाळी उलट. सहा वर्षं एक खाट दोघांत चाललीय, चादरसुद्धा आपापली!

"किसन कामावर गेलाय."

"खाटीवर दिसत नाही म्हनून मेला का तो? त्याची पेटी कुठं हाय?"

प्रज्ञेशनं खाटेखाली वाकून पेटीला हात घातला, तर बसल्या-बसल्या पेंगणारा राघो खेकसला, "तिले हात नका लावू! किसननी शे ती!" किसनची आहे म्हणे!

"ऐकलं?" चंपाबाई म्हणाल्या. "पेटी हाय म्हनजे मानूस हाय! आता पाळी नव्याची हाय, म्हनून जुना दिसून नाही राह्यला. अन् हा नितीन काय करत होता? पेटी उचलून रस्त्यावर फेकत होता! मी किसनले उठवाले कडी वाजवतो. याची कडी कुठं हाय, ते शोधा!"

काय बाई आहे! मला तर तिथंच पाया पडावंसं वाटलं असतं! नितीन पेचकस खिशात घालून, "मी पण तेच म्हणत होतो" म्हणत सटकला.

विशाखानं मोबाइलवर शोधलं. कडी सापडली! लॅपटॉप सुरू होता-होता एफ-बारा दाबत राहायचं. दाबत राहिली, दाबत राहिली, आणि आली यादी! लिनक्स, आणि खाली विंडोज! प्रज्ञेशनं तिला उचलायचंच बाकी ठेवलं. निळा पडदा आला, आणि त्यावर अक्षरं: अपडेट चालू आहे, बंद करू नका. एक टक्का.

"आत्ता? आत्ताच?" प्रज्ञेश भिंतीवर डोकं आपटायला निघाला.

"झोपीतून उठला की मानूस तोंड धुतेच," चंपाबाई शांतपणे म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याचं तोंड धुऊन झालं. पानवेल जागच्या जागी, एक पान हललं नव्हतं! प्रज्ञेशनं ती त्याच पेन ड्राइव्हवर घेतली, लिनक्सच्या शेजारीच, आणि बाइक अशी पळवली, की शर्टाची दोन बटणं लावायची राहूनच गेली. कतारगामला पोचला तेव्हा पाच मिनिटं कमी बारा!

शेठनी पेन ड्राइव्ह ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला, पानवेल उतरवून घेतली, मशीनवर घातली. टक टक टक... एक धागा तुटला नाही! शेठनी कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काल थी आवी जा!" उद्यापासून ये! अगं, गल्लीत पेढे वाटले! आणि प्रज्ञेश सगळ्यांना सांगत सुटला, "एका लॅपटॉपात दोन सिस्टिम? काही नसतं, डोकं शांत ठेवायचं फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून निघणार, तर शेठचा फोन.

"प्रज्ञेश, मारा कम्प्युटरमां आ जांबली स्क्रीन केम आवी?"

प्रज्ञेशच्या हातातला डबाच खाली पडला. पेन ड्राइव्ह! तिथंच राहिला होता, लावलेला! सकाळी कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर त्यातलं लिनक्स उठून बसलं! आणि त्या कॉम्प्युटरमध्ये कारखान्याची बारा वर्षांची डिझाइनं!

"शेठ, हात लावू नका! कुछ मत दबाना!"

"अरे, बे बटन हतां. में तो दबावी दीधुं!" दोन बटणं होती, एक लिनक्स नुसतं बघायचं, एक चढवायचं, आणि शेठनी एक दाबूनही टाकलं!

"कोणतं?"

"मोटुं वाळुं!" मोठंवालं!

फोन कट. प्रज्ञेश उंबऱ्यावरूनच वळला, स्वयंपाकघरात गेला, आणि डिझायनरसाहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आई, जरा कतारगामला येतेस का माझ्याबरोबर?"

चंपाबाईंनी गॅस बंद केला, पदर खोचला. "चाल. पन आधी त्या शेठले फोन लाव, अन् जागा किती हाय ते विचार."

आणि गेली की माउली, बाइकवर मागे बसून, हातात उलथनं तसंच! आता तू सांग, नोकरीचा पहिला दिवस, नवे साहेब, एसी केबिन... तू असतीस तर आईला नेलं असतंस का?