डोमाजीभाऊंचं पंक्चर

डोमाजीभाऊंना जगातल्या कोणत्याही माणसाविषयी एकच गोष्ट जाणून घ्यायची असे. लगन झालं का?

मी ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर छोट्या गाडीतून उतरलो तेव्हा अंगात ताप होता, काखेत वळकटी होती आणि धानगिरणीत काम मिळतं की नाही या काळजीनं जीव अर्धा झाला होता. फलाटावरच्या बाकावर बसलेल्या एका उंच, हाडकुळ्या गृहस्थांनी मला जवळ बोलावून कपाळाला हात लावला. "ताप हाये," ते म्हणाले. आणि त्याच दमात, "लगन झालं का?"

मी नाही म्हटलं.

"मंग चला घरी."

झालेलं असतं तर त्यांनी मला तिथंच बाकावर सोडलं असतं की काय, हा प्रश्न मला अजून अधूनमधून पडतो. पण त्यांनी मला घरी नेलं, सपरीत, म्हणजे ओसरीवर, बाज टाकून दिली, ताप उतरेपर्यंत पेज पाजली आणि गिरणीच्या दिवाणजींना जाऊन सांगितलं, "हा माया पाव्हना हाये." मी माणदेशातला. शाळा सातवीच्या आत सुटलेली, ओळखपाळख शून्य. त्या एका वाक्यावर माझी नोकरी उभी राहिली. नंतर मी त्यांच्याच सपरीशेजारच्या खोलीत राहिलो, तरी त्यांच्या लेखी शेवटपर्यंत 'पाव्हना'च होतो.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. सगळा मुलूख चांद्याचाच. वैनगंगेच्या अल्याड-पल्याड धानाचे बांध, मधूनमधून जंगल, आणि त्यातून जाणाऱ्या पायवाटांवर बाराही महिने डोमाजीभाऊंच्या वहाणा वाजत. तळ्याखाली त्यांचं थोडं धान होतं. ते पोटापुरतं. बाकीचा जीव सगळा सोयरिकी जमवण्यात. हा त्यांचा धंदा नव्हता, शौक होता. त्याबद्दल ते काही घेत नसत. पंगतीत वाढप्यानं आपल्याला विसरू नये, एवढीच अपेक्षा. "जुळते, सारं जुळते," हे त्यांचं पालुपद. जात्याची खुंटी असो की दोन भांडलेले भाऊ, सगळ्याला तेच औषध.

एकदा पायात खुरपं लागलं म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टर टाके घालतायत, मी यांचा पाय धरून डोळे मिटून बसलोय, आणि हे डॉक्टरांना विचारतायत, "तुमच्या लहान भावाचं कुठी बोलून राह्यले का?" मयताला गेले तरी परत येताना दोन घरांची बोलणी करूनच येत. लोक म्हणत, डोमाजीला तिरडीमागं चालू देऊ नका, मेलेला उठून मांडवात बसेल.

पत्रिकेवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांची परीक्षा वेगळी. मुलाच्या घरी पहिल्यांदा गेले की पाण्याचा गडवा ते मुद्दाम सांडत, तोही नेमका सारवलेल्या सपरीत किंवा नव्या सतरंजीवर. मग मुलाच्या आईचं तोंड बघत. हसली तर सोयरीक पक्की. कपाळाला आठी पडली तर हे वहाणा घालून उठत. "पोरीच्या हातून उद्या गडवा सांडन," ते मला सांगत, "तवा मी थोडीच राहीन तिथी?"

स्वतःचं मात्र लग्न केलेलं नव्हतं. कुणी चिडवलं, "भाऊ, तुमचंच काऊन नाई जुळलं?" तर शांतपणे म्हणत, "दोनी कडच्या लोकायच्या मधात बसता बसता माई पंगत उठून गेली बाप्पा."

असा हा माणूस. आणि एका उन्हाळ्यात त्यानं हा शौक एकदम सोडला.

कारण होती यमुना. आमच्या समोरच्या गिरजाबाईची एकुलती एक मुलगी. बाप लहानपणीच गेलेला. ती वाढली अर्धी स्वतःच्या घरात आणि अर्धी भाऊंच्या सपरीत. तिची सोयरीक भाऊंनी नदीपलीकडे, आरमोरीच्या अलीकडच्या एका गावात जमवली. नियमाप्रमाणे गडवा सांडला होता. सासू तानाबाई चांगली खळखळून हसली होती. पण त्या दिवशी तिच्या घरी पाहुणे होते, आणि पाहुण्यांसमोर कोण आठी घालतं? भाऊंनी पुन्हा एकदा न सांगता जाऊन यायला हवं होतं. गेले नाहीत. स्वतःच्या परीक्षेवर फार भरवसा.

लग्नाच्या मांडवातच फुटलं. वरमाईच्या बहिणीला लुगडं आधी दिलं की नंतर, यावरून तानाबाईनं गिरजाबाईकडं बोट करून भर पंगतीत सांगितलं, "या बाईचं अन् या मध्यस्थाचं पाऊल माया दारी पडू नोको." त्यानंतर यमुना माहेरी आली नाही. दिवाळी गेली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावोगावच्या लेकी येतात, दंडारीचा खेळ बघतात, तेव्हाही आली नाही. गिरजाबाई रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभी राही. "माई पोरगी जेवते का उपाशी राह्यते, एवढं तरी कोनी सांगन का, भाऊ?" मी आत भात ढवळत बसायचो आणि माझ्याच आईनं मला विचारल्यासारखं वाटून घाबरायचो.

त्या उन्हाळ्यात लोक मुलांची नावं घेऊन आले तर भाऊंनी सरळ सांगितलं, "मी तो शौक सोडला. सायकल शिकून राह्यलो."

लोक हसले. मीही हसलो असतो, पण सायकल धरायला मलाच जायचं होतं.

टपाल वाटणाऱ्या एका म्हाताऱ्याची जुनी सायकल त्यांनी मिळवली होती. पन्नाशीच्या पुढचा माणूस, काष्टा मारलेलं धोतर, डोक्याला मुंडासं. आटलेल्या तळ्याच्या बुडात आमची शिकवणी चाले. मी मागून कॅरिअर धरून पळायचो आणि मनात म्हणायचो, देवा, यांचं हाड मोडलं तर मला इथं कोण आहे? ते पडत. धोतर साखळीत जाई. धोतर सुटे, सायकल सुटे, मीही सुटे. काठावर गुरं राखणारे सल्ला देत, "भाऊ, चारा टाका, थांबन." भाऊ उठून गुडघ्यावरची माती झाडत. "मी पडलो तं पडलो. ते कुठी पळून चालली?"

महिनाभरात ते चालवू लागले. फक्त दोन गोष्टी येईनात. उजवीकडे वळणं आणि उतरणं. उजवीकडे जायचं असलं की ते डावीकडून सगळ्या गावाला वळसा घालून येत. उतरण्यासाठी त्यांना तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी लागे. गंजी आली की सायकलसकट तिच्यात शिरत. ज्यांच्या दारी गंजी नव्हती ते लोक लांबून त्यांना पाहिलं की हातातलं काम टाकून धरायला पुढं होत.

पावसाळा संपून धान कापून झालं, नदीचं पाणी खाली गेलं, तसे ते दर रविवारी सकाळी सायकल घेऊन निघू लागले. संध्याकाळी परत आले की आधी गिरजाबाईच्या दारी जाऊन सांगत, "हातात बांगड्या हायेत. लुगडं धड हाये. टाचा फुटल्या हायेत जराशा." गिरजाबाई एकेक शब्द ऐकून घेई आणि शेवटी विचारी, "बोलली का?" भाऊ मान हलवत. नाही. लग्न झाल्यापासून यमुना त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाणी आणून देई, बाजूला उभी राही, निघून जाई.

दारी पाऊल टाकायची बंदी असताना हे तिला बघतात कसे, हे मला कळेना. एका रविवारी त्यांनी मलाच बरोबर घेतलं.

नदीवर डोंगा होता. डोंगा हाकणारा ढिवर भाऊंकडे न बघता सायकलीकडं बोट करून म्हणाला, "इले पोहता येते का?" भाऊ म्हणाले, "शिकून राह्यली." पुढं रेती लागली. रेतीत सायकल चालत नाही, म्हणजे अर्धा रस्ता ती आमच्या खांद्यावर बसून आली. मग गावाची शीव लागली. एका मोहाच्या झाडाखाली भाऊंनी सायकल उभी केली, पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि व्हॉल्व्ह सैल केला. सूंऽ करून सगळी हवा गेली.

"भाऊ, हे काय केलंत?"

"पंचर झाली."

"झाली कुठं? तुम्ही केलीत."

त्यांनी पंप पिशवीत घातला. "मध्यस्थ म्हनून मले त्या दारी जाता येत नाई. पंचर झालेल्या मानसाले पानी नाई म्हनता येते का कोनाले?"

तानाबाई सपरीत सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. तिनं आधी चपटं चाक बघितलं, मग भाऊंना, मग मला.

"आजबी?"

"का करता बाई. तुमच्या गावची वाट. बाभळीचे काटेच काटे."

"आमच्या गावच्या लोकायची नाई होत कधी."

"त्यायच्याजवळ सायकल कुठी हाये?"

"अंगनात करा," ती म्हणाली. "सपरीत पाय नाई टाकाचा. हा कोन नवा?"

"पाव्हना हाये. देशावरचा."

मी नमस्कार केला. हे पकडले गेले तर गिरणीत कळेल, दिवाणजी विचारतील, आणि पाव्हण्याची नोकरी जाईल, इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

यमुना घमेल्यात पाणी घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर खाली. विशीच्या आतली मुलगी, पण चालणं दमलेल्या बाईचं. घमेलं ठेवून ती खांबाशी उभी राहिली. भाऊंनी टायर उकललं, ट्यूब बाहेर काढली, हवा भरली आणि इंच इंच पाण्यात बुडवत फिरवू लागले. तिच्याकडं एकदाही वर बघितलं नाही. बांगड्या, मनगट, पायाची बोटं, सगळं खालूनच बघून घेत होते. ट्यूब एकदा पूर्ण फिरली. बुडबुडा नाही. असणार कुठून? दुसऱ्यांदा फिरवायला घेतली.

सूप थांबलं. तानाबाई उठली.

"कुठी हाये भोक? मले दाखवा बरं."

भाऊ ट्यूब धरून तसेच बसले. लोकांच्या घरी हसत हसत गडवे सांडणारा माणूस, तो आता घमेल्यातलं पाणी हलूसुद्धा देईना. तानाबाई अंगणात उतरली, कमरेवर हात ठेवून वाकली. पाणी आरशासारखं स्वच्छ.

तेवढ्यात खांबाशी उभी असलेली यमुना खाली बसली. तिनं पाण्यात हात घातला, पाणी थोडं ढवळलं आणि धड चांगल्या ट्यूबवर एका जागी बोट दाबून धरलं.

"इथी हाये, काकाजी," ती म्हणाली. "बारीक हाये."

तानाबाईनं डोळे बारीक केले, त्या बोटाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली. तिला दिसलं, नाही दिसलं, की तिनं दिसू दिलं नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

भाऊंनी त्या जागी ठिगळ लावलं. इतकं सावकाश, इतकं मन लावून, की खऱ्या भोकालाही कुणी लावलं नसतं. सोल्युशन वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. यमुना बोट काढून घेऊनही तिथंच बसून राहिली. अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

चाक झालं. आता थांबायला कारण उरलं नव्हतं. भाऊ उठले. यमुना घमेलं उचलायला वाकली आणि सासूकडं पाठ ठेवून, ओठ न हलवता म्हटल्यासारखं म्हणाली, "पुढच्या खेपी मागच्या चाकाची हवा काढा. त्याले साखळी राह्यते. उशीर लागते."

घमेलं घेऊन ती आत गेली.

परतताना भाऊ सायकलवर बसले नाहीत. रस्ता चांगला होता, चाकात हवा होती, तरी हातात धरून चालत राहिले. मला कुणाकडं जायचं म्हटलं तर दोन गाड्या आणि एक आगगाडी बदलावी लागते. तिला कुणाकडं जाता येत नव्हतं म्हणून हा माणूस उजवीकडं वळता येत नसतानाही नदी ओलांडून येत होता. डोंग्यात बसल्यावर त्यांनी मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं. ढिवर म्हणाला, "घाम लय आला, भाऊ." ते म्हणाले, "हाव."

गिरजाबाई दारातच होती. भाऊंनी बांगड्यांचं सांगितलं नाही, टाचांचं सांगितलं नाही. तिनं विचारायच्या आधीच म्हणाले, "बोलली."

गिरजाबाई उंबऱ्यावर खाली बसली. "का म्हने?"

"सायकलीचं समजते म्हने तिले," भाऊ म्हणाले. "मायापेक्षा जास्त."

मग आमच्या अंगणात येऊन त्यांनी दिवस मावळायच्या आत सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली, पिशवीतले पाने जमिनीवर ओतले आणि मागच्या चाकासमोर मांडी घालून बसले. साखळीला हात लावून पाहिला. काळं तेल बोटांना लागलं.

"पाव्हना, इकडं या," ते म्हणाले. "हे मागचं चाक कसं काढाचं ते दाखवा. सावकाश दाखवा. मले घाई नाई."